लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळचं हॅलोविन

२०२४ साली अमेरिकेत लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आले. भारतात अमावास्या लागली ३१ ऑक्टोबरच्या दुपारी, म्हणजे आमच्या न्यू जर्सीत त्याच दिवशी सकाळी साडेसहाच्या आत. त्यामुळे पहाटेचं अभ्यंगस्नान, संध्याकाळचं लक्ष्मीपूजन आणि त्याच सुमारास भुताखेतांची सोंगं घेऊन ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणत दारावर गोळ्या मागायला येणारी गल्लीतली पोरं, असं सगळं एका गुरुवारात बसवायचं होतं. भारतातून सासूबाई आलेल्या होत्या. मुलीला हॅलोविन हवं होतं, धाकट्याला दोन्ही हवं होतं आणि मला दोन्ही सण मनापासून करायचे होते.

हॅलोविनची सजावट घरीच करायची हे मी आधीच ठरवलं होतं. इथे सप्टेंबर लागला की दुकानांत हवा भरून फुगवायचे राक्षस, प्लॅस्टिकचे सापळे, धूर सोडणारी यंत्रं असं सगळं मांडलेलं असतं. होम डेपो या दुकानांच्या साखळीने २०२० साली १२ फुटी सापळा आणला, किंमत २९९ डॉलर, आणि आता उपनगरांत फिरताना तो बऱ्याच अंगणांतून उभा दिसतो. मुलं त्याच्यापाशी थांबतात, हे खरं आहे. पण पेटीतून काढून उभ्या केलेल्या वस्तूत मुलांच्या हाताला काही काम उरत नाही. आमच्या लहानपणी आकाशकंदील घरी व्हायचा. काड्या बांधायच्या, खळ लावायची, शेपट्या कापायच्या, आणि तो टांगला की खाली उभं राहून वर बघत बसायचं. माझ्या मुलांना तसं काही तरी मिळावं अशी माझी फार इच्छा होती.

काहीही कापायच्या आधी मी एका संध्याकाळी अंधार पडल्यावर गल्लीतून चक्कर मारली आणि लोकांची घरं बघितली. या चकरेचा जेवढा उपयोग झाला तेवढा कुठल्याच व्हिडिओचा झाला नाही. रस्त्यावरून घर बघताना बारीक कलाकुसर अजिबात कळत नाही. कळतात दोनच गोष्टी: उजेडापुढची काळी आकृती आणि अंधारातला उजेड. कोणी मेहनतीने रंगवलेली लाकडी थडगी काळोखात पार नाहीशी झाली होती, आणि एका घरी खिडकीला नुसती काळ्या कागदाची मांजर चिकटवलेली होती ती कोपऱ्यावरून दिसत होती. शिवाय अमेरिकेत २००७ पासून घड्याळं मागे घेतात ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे हॅलोविननंतर. त्यामुळे ३१ तारखेला आमच्याकडे सूर्य मावळतो तो सहाला थोडा कमी असताना. अगदी लहान मुलं आईबाबांबरोबर उजेडीच येऊन जातात, मोठी अंधारात येतात. म्हणून दाराजवळ जवळून बघायच्या गोष्टी आणि अंगणात, खिडकीत अंधारात उठून दिसणाऱ्या गोष्टी, अशी मी वाटणी केली.

सुरुवात खिडक्यांपासून केली, कारण खर्च जवळजवळ काहीच नाही आणि परिणाम सगळ्यांत मोठा. काचेच्या मापाचं जुनं वर्तमानपत्र कापून घेतलं, त्यावर मुलीने खडूने चित्रं काढली, आणि ती काळ्या जाड कागदावर ठेवून कापली. पाठ उंचावलेली मांजर, पानं झडलेलं झाड, झाडूवर बसलेली चेटकीण. मांजरीच्या मिशा तिने फार प्रेमाने कापल्या होत्या, पण बाहेर जाऊन बघितल्यावर तिलाच कळलं की मिशा दिसत नाहीत, शेपटी दिसते. मग तिने आपणहून शेपटी दुप्पट जाड केली आणि डोळ्यांच्या जागी मोठी भोकं पाडली. काळ्या कागदाच्या मागे आम्ही नारिंगी टिश्यू पेपर लावला, पतंगाच्या कागदासारखा असतो तो. एका खिडकीला तो पुरला नाही, तिथे स्वयंपाकघरातला बेकिंगचा कागद लावला, आणि तोच जास्त चांगला दिसला, कारण त्यातून उजेड सगळीकडे सारखा पसरतो. दिवा खिडकीला चिकटून ठेवायचा नाही. चार-पाच फूट मागे ठेवला की आकृतीच्या कडा रेखीव उठतात. दिवा एलईडीचाच घ्यावा, कागद जवळ असतो.

उरलेल्या काळ्या कागदाची वटवाघळं केली. कागद दुमडून अर्धं वटवाघूळ काढायचं, कापायचं, उघडायचं, पंख मधून जरा वर मोडायचे. हे काम धाकट्याला जमलं. चिकटवताना मात्र एक युक्ती आहे: दाराच्या चौकटीपाशी अगदी लहान आणि तिथून भिंतीवर तिरकं वर जाताना मोठी मोठी होत जाणारी लावायची. मग ती घरातून उडून बाहेर पडताहेत असं वाटतं. रंगकाम करणारे वापरतात ती निळी टेप घेतली, म्हणजे नंतर भिंतीचा रंग निघत नाही.

मग भुतं. कापड उभं राहील असं भूत करायची पद्धत इथे बरीच प्रचलित आहे. विरळ विणीचं सुती कापड गोंदात किंवा स्टार्चमध्ये बुडवून बाटलीवर पसरायचं आणि वाळवायचं. आमच्याकडे श्रीखंडाचा चक्का बांधायची मलमलची जुनी फडकी होती. मी गॅसवर कॉर्नफ्लोरची खळ शिजवायला ठेवली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात आल्या.

‘‘खळ कशाला गं? साडी आहे का कुठली?’’

‘‘नाही आई, भुतं करायचीत.’’

‘‘लक्ष्मी यायच्या दिवशी दारात भुतं?’’

‘‘दारात नाही ठेवत. दार आणि पोर्च तुमचं. भुतं खाली अंगणात, हिरवळीवर.’’

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग पातेल्यात डोकावल्या आणि पळी माझ्या हातातून घेतली. ‘‘अजून शिजू दे. पळीला धरली पाहिजे आणि पांढरेपणा जाऊन काचेसारखी दिसली पाहिजे. कच्ची राहिली तर कापड वाळल्यावर पीठ सुटतं.’’ वर्षानुवर्षं सुती साड्यांना खळ घातलेली बाई. त्यापुढचं सगळं काम त्यांनीच पाहिलं, नातीला शेजारी उभं करून.

आमचं प्रमाण असं होतं: अर्धी वाटी गार पाण्यात चार मोठे चमचे कॉर्नफ्लोर गुठळी न होता कालवायचं, दोन वाट्या उकळत्या पाण्यात ते ओतायचं आणि सतत ढवळत दाटसर, पारदर्शक होईतो शिजवायचं. कोमट झाली की फडकं त्यात बुडवून हलक्या हाताने दाबून काढायचं. पिळायचं नाही, पिळलं की खळ निघून जाते आणि कापडाला आडव्यातिडव्या चुण्या पडतात. एका उंच बाटलीच्या तोंडावर छोटा फुगा बसवायचा, हे डोकं. बाटलीभोवती जाड तार गुंडाळून दोन बाजूंना हात काढायचे. फुगा आणि हात प्लॅस्टिकच्या पातळ कागदाने झाकायचे, नाहीतर कापड चिकटून बसतं. मग त्यावर फडकं टाकायचं. इथे सासूबाईंनी साडीच्या निऱ्या काढाव्यात तशी प्रत्येक घडी बोटांनी खाली ओढून सारखी केली, टोकं जमिनीवर जरा पसरू दिली. दुसऱ्या दिवशी कापड खडखडीत वाळलं. मुलीने फुगा टाचणीने फोडला, बाटली आणि तार खालून हळूच काढली, आणि आत काही नसताना ते भूत स्वतःच्या पायावर उभं राहिलं. धाकट्याने आत वाकून खात्री करून घेतली. काळ्या फेल्टचे दोन लांबट डोळे चिकटवले, आत बॅटरीचा छोटा दिवा ठेवला, झालं. मलमलीच्या विणीतून जो उजेड झिरपतो तो दुकानातल्या पॉलिस्टरच्या भुतात नाही. खळीला दमट हवा आणि पाऊस मात्र चालत नाही, हे लक्षात ठेवावं. पावसाचा अंदाज असेल तर खळीऐवजी पांढरा गोंद आणि पाणी निम्मं निम्मं घ्यावं, किंवा भूत खिडकीच्या आत ठेवावं.

आमच्याकडे पावसाची भीतीच नव्हती. त्या वर्षीचा ऑक्टोबर न्यू जर्सीच्या नोंदींमधला सर्वांत कोरडा ऑक्टोबर ठरला, पाऊस जवळजवळ पडलाच नाही. राज्यात ठिकठिकाणी वणवे लागत होते आणि उघड्यावर जाळ करण्यावर निर्बंध आले होते. अंगणात वाळलेल्या पानांचा थर. त्यामुळे अंगणातल्या कुठल्याही वस्तूत मेणबत्ती लावायची नाही हे घरात सगळ्यांना बजावून ठेवलं. एरवीही मी हेच सांगेन. मुलं घोळदार झगे घालून येतात, वाकून भोपळ्यात बघतात, आणि कागद, कापड, वाळका पाला यांच्या संगतीला खऱ्या ज्योतीचं काम नाही.

सगळ्यांत कमी कष्टात झालेली गोष्ट म्हणजे दुधाच्या कॅनची भुतं. इथे दूध गॅलनच्या पांढुरक्या, अर्धपारदर्शक कॅनमधून मिळतं. ते धुऊन, लेबल काढून मुलांच्या हातात काळा मार्कर दिला. एक तोंड वासलेलं, एक झोपलेलं, एक धाकट्याचं, ज्याला तीन डोळे होते. मागच्या बाजूला एक भोक पाडून दिव्यांची माळ एका कॅनमधून दुसऱ्यात ओवत नेली आणि ड्राइव्हवेच्या कडेने रांग लावली. तळाशी मूठ-दोन मूठ खडे टाकले की वाऱ्याने लवंडत नाहीत. जवळून बघितलं तर दुधाचे कॅनच, पण रात्री पायवाटेवर पांढरे चेहरे उजळून दिसत होते आणि येणाऱ्यांना वाटही नीट कळत होती.

झुडपातले डोळेही असेच. टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्यायची, तिला वेगवेगळ्या आकाराचे दोन डोळे कापायचे, आत ग्लोस्टिक, म्हणजे मोडली की चमकायला लागणारी प्लॅस्टिकची कांडी, मोडून सरकवायची, दोन्ही टोकं टेपने बंद करायची आणि झुडपात खोल खोचून ठेवायची. नळी दिसत नाही, नुसते हिरवे-पिवळे डोळे दिसतात. ग्लोस्टिक काही तास टिकते, म्हणून ऐन संध्याकाळीच मोडायची. आमच्या सजावटीत पोरांना सर्वांत आवडलेली गोष्ट कुठली असं विचाराल, तर हीच.

कोळ्याचं जाळं करताना एक मुद्दाम टाळलं. दुकानात कापसासारखं ताणायचं पांढरं जाळं मिळतं, ते बाहेर झाडाझुडपांवर लावू नये. त्याच्या बारीक चिवट तंतूंत पक्षी आणि मधमाश्या अडकतात. आम्ही जाड पांढरी लोकर घेतली. पोर्चच्या कठड्याला मधून निघणाऱ्या सरळ रेषा बांधल्या आणि त्यांवरून आतून बाहेर गोल गोल गाठी मारत गेलो. हात पोचेल अशा जागी जाळं लावलं, म्हणून मुलं जाता येता स्वतःच गाठी वाढवत राहिली.

आता भोपळा. त्याच्याशिवाय हॅलोविन नाही, आणि त्यावर वेळही सर्वांत जास्त जातो. कोरलेल्या चेहऱ्याच्या दिव्याची रीत अमेरिकेची वाटते, पण ती आली आयर्लंड-स्कॉटलंडहून, आणि तिथे भोपळे नव्हते. तिथे सलगमासारखे कंद कोरत. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत आले आणि त्यांना इथला मूळचा भोपळा सापडला, कंदापेक्षा कितीतरी मोठा आणि कोरायला मऊ. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मेयो परगण्यातल्या शाखेत डोनेगलच्या अशा एका कोरीव कंदाची जुनी प्रतिकृती ठेवलेली आहे. तिचा फोटो मी मुलांना दाखवला. सुरकुतलेला, दातविचका चेहरा. आमच्या कुठल्याही भोपळ्यापेक्षा तो जास्त भीतिदायक आहे यावर घरात एकमत झालं.

कोरायचे भोपळे वेगळे असतात. जॉन हाउडन नावाच्या मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्याने विकसित केलेली ‘हाउडन’ ही जात त्यासाठी प्रसिद्ध आहे: मोठा, उभट, भिंत ताठ, देठ मजबूत. त्याचे घारगे करायचा मोह आवरावा, गर पाणचट आणि दोऱ्या दोऱ्यांचा असतो. घारग्यांसाठी लहान, गोड ‘शुगर पंपकिन’ घ्यावा. मळ्यावर निवडताना देठ हिरवा आणि घट्ट आहे ना, बुडाशी मऊ पडलेला नाही ना, सपाट बसतो ना, एवढं बघावं. आणि देठाला धरून उचलू नये. देठ तुटला की तिथूनच सडायला लागतो.

कापायचा तो बुडाकडून. सगळे जण वरून टोपी कापतात, पण बूड कापलं तर भोपळा दिव्यावर नुसता पालथा ठेवता येतो, टोपी वाळून आत पडत नाही आणि वरचा देठ शाबूत राहून देखणा दिसतो. हे काम मोठ्यांनी करायचं. आतल्या बिया आणि धागे मुलांनी हातांनी उपसले. धाकट्याला तो बुळबुळीतपणा आवडला, मुलीला नाही. मग लोखंडी डावाने आतली भिंत खरवडली. ज्या बाजूला चेहरा काढायचा तिथे साधारण एक इंच जाडी राहील इतकी. याचा लवकर कंटाळा येतो, पण इथे घाई केली की पुढे करवत अडकते आणि उजेडही कमी दिसतो. चित्राचा कागद भोपळ्यावर चिकटवून रेषेवरून टूथपिकने जवळ जवळ टोचे मारले, कागद काढला, आणि भोपळ्याच्या संचात मिळणाऱ्या बारीक दातांच्या छोट्या करवतीने टोच्यांवरून कापत गेलो. स्वयंपाकघरातल्या सुरीपेक्षा ही करवत पुष्कळ सुरक्षित. सुरी ओल्या सालीवरून सटकते. आधी लहान तुकडे काढायचे, मोठं तोंड शेवटी, म्हणजे कापताना भिंत खचत नाही.

कधी कोरायचा हाही प्रश्न असतो. कोरलेला भोपळा जेमतेम आठवडाभर टिकतो, आणि उकाड्यात तेवढाही नाही. त्या वर्षी ऑक्टोबर संपत आला तरी ऊन हटत नव्हतं. हॅलोविनच्या दिवशी पारा ८० अंश फॅरनहाइटच्या घरात गेला. म्हणून आम्ही मंगळवारी रात्री कोरले. एक गॅलन पाण्यात एक मोठा चमचा ब्लीच घालून ते आतून आणि कापलेल्या कडांवर फवारलं, वाळू दिलं, आणि दिवसा भोपळे गॅरेजमध्ये सावलीत ठेवले. ब्लीचने बुरशी लांब राहते. खारींपासून सुटका मात्र नाही, त्यांच्यासाठी भोपळे रात्री आत घेणं हाच उपाय.

बिया टाकू नयेत. धागे धुऊन काढायचे, बिया फडक्यावर कोरड्या करायच्या, तेल, मीठ, तिखट आणि चिमूटभर हळद लावून ३०० अंश फॅरनहाइटला अर्धा-पाऊण तास, मधून हलवत भाजायच्या. फराळाच्या चिवड्याशेजारी त्यांची वाटी गेली आणि चिवड्याआधी संपली.

एक भोपळा आम्ही कोरला नाही, निळसर हिरव्या रंगाने रंगवला. खाण्याच्या अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी अमेरिकेत २०१४ पासून ही चळवळ देशभर पसरली आहे. दारात या रंगाचा भोपळा दिसला की त्या घरी चॉकलेटखेरीज दुसरंही काही मिळेल असं समजतात. आम्ही वेगळ्या टोपलीत पेन्सिली, स्टिकर आणि छोट्या वह्या ठेवल्या. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेला एक मुलगा आमच्याच गल्लीत राहतो. त्याने टोपलीतून बराच विचार करून एक वही उचलली. मला विचाराल तर सजावटीतली ही एकच गोष्ट दर वर्षी प्रत्येकाने करावी.

ठरल्याप्रमाणे पोर्च सासूबाईंचं झालं. उंबऱ्यापुढे रांगोळी, वर आकाशकंदील, पणत्या फक्त दाराच्या आतल्या बाजूला, देवासमोर. जाळ्याचा कठडा पोर्चच्या टोकाला होता, तो त्यांनी मान्य केला. वटवाघळांवर मात्र हरकत घेतली, म्हणून ती दाराच्या चौकटीपासून उचलून गॅरेजच्या भिंतीवर नेली. तिथे ती जास्तच शोभली, कारण भिंत पांढरी आहे. रक्ताचे डाग, तुटलेले हात असलं काही आम्ही केलंच नव्हतं. तीन-चार वर्षांची मुलं येतात. त्यांना गंमत वाटावी एवढीच भीती पुरे.

पूजा पावणेसातला उरकली. दार उघडंच होतं. बाहेर मुलं येत होती आणि सासूबाई रेशमी साडी नेसून खुर्ची टाकून गोळ्यांचं पातेलं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एका डायनोसॉरला त्यांनी गोळीबरोबर करंजी देऊ केली. मी पटकन त्याच्या आईला विचारलं, त्यात नारळ आणि तूप आहे हे सांगितलं, मग त्याने ती तिथेच उभ्या उभ्या खाल्ली. बऱ्याच पोरांना आकाशकंदील हॅलोविनचाच वाटला. नातीने प्रत्येकाला तो कशाचा हे सांगितलं.

आवराआवर लवकर करावी. कोरलेले भोपळे शनिवारीच आतून काळे पडू लागले होते. ते तुकडे करून कंपोस्टात टाकले. रंगवलेला भोपळा कंपोस्टात घालायचा नाही, तो कचऱ्यात. न कोरलेला एक उरला होता, त्याला ब्लीच, रंग काहीच लागलं नव्हतं, म्हणून तो फोडून मागच्या कुंपणापाशी खारींना ठेवला. दुधाचे कॅन रिसायकलिंगमध्ये. खळीची भुतं एकात एक बसतात, तेव्हा ती खोक्यात घालून कोरड्या जागी ठेवली आहेत. खिडकीतली मांजर आणि झाड मुलीने मोठ्या पुठ्ठ्यात दाबून पलंगाखाली सरकवलं. पुढच्या वर्षी चेटकीण नवी कापायची आहे, झाडूचा दांडा बारीक झालाय असं तिचं म्हणणं आहे, आणि ते बरोबर आहे.